मामींच्या कॅन्सरमागे व्हायरस आहे म्हणतात, हे झुर हाउझेन यांनी सिद्ध कसं केलं? आणि घरच्यांना कसं समजावू?

वैशाली_औसा

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय. माझ्या मोठ्या मामींना गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघालाय, आमच्याकडे सगळे सरसकट पिशवीचा कॅन्सर म्हणतात. लाईट (म्हणजे रेडिएशन) चालू आहे, सोबत आठवड्याला एक केमोचं सलाईन. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की हा एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो, आणि ते घरात कळलं तेव्हापासून मामींचं ताट वेगळं झालंय. तोंडाने कुणीच काही म्हणत नाही पण मी भेटायला गेले तर त्यांचा पेला मोरीच्या कट्ट्यावर बाजूला पालथा घातलेला, आणि धाकटी सून पोराला त्यांच्या मांडीवर बसू देत नव्हती, काहीतरी निमित्त काढून उचलून नेत होती. मामींना कळतंय सगळं, त्या गप्प असतात. त्यात एक लांबच्या काकू मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या की हा रोग "तसल्या" बायकांना होतो म्हणे. माझ्या मामी! पन्नास वर्षं शेत आणि घर याशिवाय काही बघितलं नाही त्या बाईने. मला इतका राग आला की तिथे बोलताच आलं नाही.

नेटवर वाचताना हाराल्ड झुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव सापडलं, २००८ चं नोबेल, याच शोधासाठी. पण नीट कळलं नाही. आधी म्हणे सगळे हर्पिस या दुसऱ्याच व्हायरसला दोष देत होते, मग यांनी एचपीव्हीच आहे हे कसं ठरवलं? व्हायरस आहे म्हणजे सर्दीसारखा लागतो का? "डॉक्टर म्हणाले" एवढ्यावर आमच्याकडे कुणी ऐकत नाही, असं का आहे ते सांगितलं तर ऐकतात. आणि माझी मुलगी सातवीत आहे, लसीचंही विचारायचंय. कुणाला माहिती असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

रंजन_प्रयोगशाळा

वैशालीताई, आधी ताटाचं सांगतो. एचपीव्ही खाण्यापिण्यातून, उष्ट्यातून, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, शिंकेतून, मांडीवर बसल्याने लागत नाही. तो त्वचेच्या आणि आतल्या नाजूक आवरणाच्या थेट संपर्कातून, मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो. आणि मामींच्या बाबतीत तर याच्याही पुढची गोष्ट आहे, जी झुर हाउझेन यांच्याच लॅबमधल्या कामातून पुढे आली, म्हणून ती गोष्ट नीट सांगतो, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्यात आहे.

साठ-सत्तरच्या दशकात हर्पिस टाइप २ वर संशय होता, कारण गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेल्या बायकांच्या रक्तात हर्पिसच्या अँटिबॉडीज जास्त सापडायच्या. पण अँटिबॉडी म्हणजे तो व्हायरस कधीतरी येऊन गेला एवढंच, कॅन्सर त्यानेच केला असं नाही. झुर हाउझेन यांनी आधी फिलाडेल्फियात हेन्ले दांपत्याच्या लॅबमध्ये एप्स्टाइन-बार व्हायरसवर काम केलेलं, आणि १९७० मध्ये त्यांनी दाखवलं की बर्किट लिम्फोमा या कॅन्सरच्या गाठीत व्हायरसचे कण दिसत नसले तरी पेशीत त्याचा डीएनए बसलेला असतो. म्हणजे चोर पळून गेला तरी ठसे आत आहेत. त्यांनी तेच ठसे हर्पिससाठी शोधले. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे नमुने घेतले, हर्पिसचा डीएनए आहे का तपासलं, आणि काहीच सापडेना.

हे त्यांनी १९७४ मध्ये फ्लोरिडातल्या 'की बिस्केन' या ठिकाणच्या परिषदेत सांगितलं. तिथे सगळा हर्पिसवाल्यांचा जोर होता, यांचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. नकारात्मक निकाल आहे, तुमची पद्धतच कच्ची असेल, असं म्हणून सोडून देणं सोपं असतं. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे. नाही सापडलं तर नाही सापडलं म्हणून सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि मग दुसरीकडे शोधायला लागायचं.

दुसरीकडे म्हणजे चामखिळीकडे. जननेंद्रियावरच्या चामखिळीचा क्वचित कॅन्सर झाल्याच्या जुन्या नोंदी त्यांच्या वाचनात होत्या. चामखीळ पॅपिलोमा व्हायरसने (माणसातला तो म्हणजेच एचपीव्ही) होते हे माहीत होतं, पण हा व्हायरस लॅबमध्ये वाढवता यायचा नाही, म्हणून चामखिळी गोळा करून त्यातूनच तो काढावा लागायचा. तळपायाच्या चामखिळीतून काढलेला घेऊन कॅन्सरच्या नमुन्याशी जुळवला, जुळेना. दुसरा कुणी असता तर इथे फाइल बंद झाली असती. पण यातून त्यांच्या गटाच्या लक्षात आलं की हा एक व्हायरस नाहीच, याचे खूप प्रकार आहेत, आणि तळपायाचा वेगळा, हाताचा वेगळा, जननेंद्रियाचा वेगळा. आज दोनशेच्या वर प्रकार माहीत आहेत.

मग जननेंद्रियाच्या चामखिळीतून ६ नंबरचा मिळाला, घशातल्या गाठीतून ११ नंबरचा. हेही कॅन्सरशी थेट जुळले नाहीत. इथे त्यांनी काय केलं ते मला फार आवडतं. दोन डीएनए धाग्यांनी एकमेकांना चिकटायला किती कडक अट ठेवायची हे तापमानावर आणि मिठाच्या प्रमाणावर ठरवता येतं. कडक ठेवली तर हुबेहूब जुळणारेच चिकटतात. त्यांनी अट सैल केली, म्हणजे थोडंफार साम्य असलेला भाऊबंद असला तरी चिकटावा. आणि कॅन्सरच्या काही नमुन्यांत फिल्मवर फिकट पट्टे उठले. फिकट, पण उठले. त्या पट्ट्यांमागचा डीएनए वेगळा काढला तर तो नवाच प्रकार निघाला, तोच एचपीव्ही १६, साल १९८३, त्यांच्याच लॅबमधल्या मथियास ड्युर्स्ट यांचं काम. जर्मनीतल्या १८ पैकी ११ कॅन्सरच्या नमुन्यांत तो होता, केनिया आणि ब्राझीलच्या २३ पैकी ८ मध्ये. पुढच्या वर्षी १८ नंबरचा सापडला. जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर या दोघांमुळे होतात.

आता मामींशी संबंध. हे डीएनए नुसतं पेशीत नव्हतं, बऱ्याच गाठींमध्ये तुटून माणसाच्या स्वतःच्या डीएनएत शिवलं गेलेलं होतं. तुटताना व्हायरसचे बरेच जीन गळतात किंवा बंद पडतात, पण ई६ आणि ई७ हे दोन टिकतात आणि जोरात चालतात. आपल्या पेशीत बेसुमार वाढ थांबवणारी दोन प्रथिनं असतात, पी५३ आणि आरबी. ई६ पी५३ ला नष्ट करवतं, ई७ आरबीला निकामी करतं. पेशी मग थांबायचं विसरते. पण अख्खा व्हायरस नसल्यामुळे अशा गाठीत नवीन व्हायरस बनायचं काम जवळपास बंद झालेलं असतं. मामींच्या गाठीत आहे तो बहुधा कित्येक वर्षांपूर्वी आलेल्या व्हायरसचा अडकून पडलेला तुकडा. तो पेल्यातून कुणाला लागणार कसा? हे घरात असंच सांगा.

सिस्टर_मंगल

रंजनसर छान लिहिलंत. मी धाराशिवकडची, नर्स म्हणून बरीच वर्षं काढली, आता रिटायर.

वैशाली, त्या "तसल्या" शब्दाबद्दल मला लिहायचंय. हे मी ओपीडीत इतक्या वेळा ऐकलंय की आता सहन होत नाही. ज्यांचे संबंध आलेत अशा बहुतेक सगळ्या बाया आणि पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होऊन जातो. लग्न झालं, नवरा एकच, तरी होतो, कारण नवऱ्याकडून येऊ शकतो आणि नवऱ्यालाही माहीत नसतं, त्याला काही लक्षणच नसतं. बहुतेकींचा एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, शरीर घालवतं. थोड्या जणींचा राहतो, आणि राहिला तर कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात. मग साठाव्या वर्षी निदान झालं की लोक आज काय केलं म्हणून बोट दाखवतात. मामींनी काही केलं नाही बाई, तिची तपासणी कुणी केली नाही एवढंच झालं. त्या काकूंना माझं नाव सांगून विचार, तुम्ही कधी तपासून घेतलंय का?

आणि लाईटचीही भीती असते लोकांना. मशीनने बाहेरून लाईट घेऊन आलेल्या माणसाच्या अंगातून काही बाहेर पडत नाही. नातवाला खुशाल मांडीवर बसू दे. मामींना थकवा असेल, जुलाब असतील, तेव्हा पोर फार आदळआपट करणारं नको, एवढंच काय ते.

अजून एक. हा शोध परदेशातला असला तरी त्याचा बायकांना उपयोग होतो का हे आमच्या जिल्ह्यात तपासलं गेलंय. टाटा हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था आयएआरसी यांनी १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात (तेव्हाचं नाव) ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका घेतल्या. गावांचे गट पाडले, काहींना एकदा एचपीव्हीची टेस्ट, काहींना पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी पुसून घेऊन तपासणं), काहींना व्हिनेगर लावून तपासणी, आणि एक गट नेहमीच्या सोयींवर. आठ वर्षांनी मोजलं तर एचपीव्ही टेस्टच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू आणि नेहमीच्या गटात ६४, दोन्हींत बायका साधारण सारख्याच. एकदा केलेल्या टेस्टने मृत्यू जवळपास निम्म्यावर. २००९ मध्ये हे छापून आलं आणि जगभर टेस्टच्या बाजूने हाच दाखला दिला गेला. आमच्या खेड्यातल्या बाया होत्या त्या, लुगड्याचा पदर तोंडाला लावून लाजत टेबलावर चढणाऱ्या.

नचिकेत_के

सिस्टर, त्या अभ्यासावर टीकाही झालीय ना? ज्या गटाला तपासणी दिलीच नाही त्यातल्या बायकांचं काय, असा प्रश्न पुढे बराच गाजला. ६४ मधल्या काही जणी वाचल्या असत्या.

दुसरं म्हणजे झुर हाउझेन यांचाच दाखला देऊन एक फॉरवर्ड फिरतोय की दूध आणि बीफमुळे कॅन्सर होतो, नोबेलवाल्याने सांगितलंय. ते काय प्रकरण आहे?

सिस्टर_मंगल

नचिकेत, प्रश्न बरोबर आहे आणि मलाही तो टोचतो. तेव्हा असं सांगितलं गेलं की भारतात तशीही सगळीकडे तपासणी नाही, म्हणजे त्यांना मिळत होतं त्यातलं काही काढून घेतलं नाही. पण ज्यांची आई त्या गटात गेली त्यांना हे कोण सांगणार. मला वाटतं त्या बायकांचं ऋण फेडायचा एकच मार्ग आहे, आता प्रत्येकीची तपासणी व्हायला पाहिजे. निकाल येऊन इतकी वर्षं झाली आणि अजून अर्ध्याहून कितीतरी जास्त बायांची एकदाही तपासणी झालेली नाही, याची मला जास्त चीड आहे.

नेकारकाठ

मी हायडलबर्गला असते, दुधाच्या प्रश्नाचं उत्तर मी देते कारण इथे यावर बरीच चर्चा झाली. झुर हाउझेन १९८३ ते २००३ इथल्या जर्मन कॅन्सर संशोधन केंद्राचे प्रमुख होते, आणि त्यानंतरही शेवटपर्यंत पत्नी एथेल-मिशेल द व्हिलिअर्स यांच्यासोबत (त्याही पॅपिलोमा व्हायरसच्या मोठ्या संशोधक) संशोधन करत राहिले. या शेवटच्या काळात त्यांनी कल्पना मांडली की युरोपातल्या गाईंच्या दुधात आणि मांसात सापडणारे काही छोटे डीएनएचे गोल तुकडे लहानपणी शरीरात जाऊन पुढे आतड्याच्या आणि स्तनाच्या कॅन्सरला हातभार लावत असतील. ही कल्पना आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, आणि इतर बऱ्याच शास्त्रज्ञांना पुरावा पुरेसा वाटला नाही. ज्यांनी हर्पिसच्या वेळी पुरावा दाखवा म्हणून सगळ्यांना अडवलं त्यांच्याच कल्पनेलाही तोच नियम लागतो. नोबेल मिळालं म्हणून पुढचं सगळं आपोआप खरं होत नाही. तेव्हा पोरांचं दूध बंद करू नका.

त्यांच्याबद्दल मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. १६ आणि १८ हाती लागल्यावर त्यांनी ते क्लोन (लॅबमध्ये बनवलेल्या त्यांच्या डीएनएच्या प्रती) स्वतःकडे दाबून ठेवले नाहीत, जगातल्या इतर लॅबना पाठवून दिले, म्हणून नंतरचं काम इतक्या झपाट्याने झालं. आणि ऐंशीच्या दशकातच ते एका औषध कंपनीकडे लस करू या म्हणून गेले होते, कंपनीने बाजाराचा अंदाज घेतला आणि यात पैसा नाही म्हणून नकार दिला. लस बाजारात आली २००६ मध्ये. मधली वीस वर्षं मोजायची झाली तर काय मोजायचं, मला विचारही करवत नाही. अर्थात तेव्हा लस कशी करायची हेही कुणाला धड माहीत नव्हतं, ते कोडं नव्वदीत सुटलं, ऑस्ट्रेलियात इयान फ्रेझर आणि जियान झोऊ, अमेरिकेत लोवी आणि शिलर. व्हायरसचं बाहेरचं एकच प्रथिन बनवलं की ते आपोआप जुळून पोकळ गोळा होतो, आत डीएनए काही नाही. लस म्हणजे तो पोकळ गोळा. त्यामुळे लसीतून एचपीव्ही होणं शक्य नाही, कारण आत व्हायरसच नाही.

झुर हाउझेन २०२३ च्या मे महिन्यात गेले, ८७ वर्षांचे होते.

रंजन_प्रयोगशाळा

नेकारकाठ, धन्यवाद. एक भर घालतो. प्रसिद्ध हेला पेशी, ज्या १९५१ पासून जगभरच्या लॅबमध्ये वाढवल्या जातात, त्या हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून घेतलेल्या, तिला न विचारता. १८ नंबर सापडल्यावर या पेशी तपासल्या तर त्यात तोच होता. तीस वर्षं सगळे त्या पेशींवर काम करत होते, आणि कारण त्यातच बसलेलं होतं. आणि इतक्या वर्षांनंतरही त्यांच्यात ई६, ई७ बंद पाडले तर वाढ थांबते. व्हायरस नुसता सोबत होता की त्याच्याच जोरावर कॅन्सर चालतो, याचं मला यापेक्षा चांगलं उत्तर माहीत नाही.

सायली_पुणे

मी बालरोगतज्ज्ञ आहे, लसीचं मी लिहिते.

वैशालीताई, सातवीतली मुलगी म्हणजे अगदी योग्य वय. ९ ते १४ मध्ये द्यायची, कारण व्हायरसशी गाठ पडायच्या आधी दिली तरच पूर्ण फायदा. स्वीडनमध्ये १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी दिसला, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. नुसता व्हायरस कमी झाला असं नाही, प्रत्यक्ष कॅन्सर.

एकच डोस पुरतो का असं पालक नेहमी विचारतात. याचं उत्तर मोठ्या प्रमाणात भारतातल्या मुलींकडून आलंय, आणि ते ठरवून आलेलं नाही. २००९ मध्ये दोन डोस पुरतील की तीनच लागतात हे बघायला अभ्यास सुरू झाला, त्यात बार्शी, पुणे, मुंबईही होतं. २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या एचपीव्ही लसीच्याच एका वेगळ्या प्रकल्पातल्या मृत्यूंवरून गदारोळ झाला, चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं निघालं नाही, पण संमती घेण्यात गंभीर त्रुटी निघाल्या, आणि सरकारने सगळीकडचंच लसीकरण थांबवलं. त्यामुळे या अभ्यासातल्या जवळपास ५ हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांना सोडून न देता वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांनी बघितलं तर १६ आणि १८ चा टिकून राहणारा संसर्ग रोखण्यात एक डोससुद्धा ९५ टक्के परिणामकारक होता. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस चालेल असं म्हटलं त्यामागच्या महत्त्वाच्या पुराव्यांत हा एक होता. भारतातल्या वेळापत्रकाप्रमाणे तुमच्या मुलीला किती डोस हे तुमचे डॉक्टर सांगतील. पुण्याच्या सिरमची सर्वाव्हॅक आहे, ती ६, ११, १६, १८ या चार प्रकारांवर चालते, परदेशी लसीही मिळतात. तुमच्याकडे सरकारीत मिळेल का हे आशाताईंना विचारा, त्यांना तुमच्या भागातलं पक्कं माहीत असतं.

दंडावर एक सुई. थोडं दुखतं, कधी चक्कर येते म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतो. वंध्यत्व वगैरे काही होत नाही, हा प्रश्न सासूबाई मंडळींकडून हमखास येतो. आणि व्हायरसचा कॅन्सर लसीने टाळणं आपल्याला नवीन नाही, बाळाला जन्मल्या जन्मल्या हिपॅटायटिस बीची लस देतो ती यकृताचा कॅन्सर टाळते, तिच्याबद्दल कुणी काही म्हणत नाही.

मामींना मात्र लसीचा उपयोग नाही, झालेल्या रोगावर ती चालत नाही. त्यांची लाईट मध्ये खंड न पडता पूर्ण होणं सगळ्यात महत्त्वाचं.

वैशाली_औसा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. रंजनदादांचं उत्तर मी मामेभावाला फोनवर वाचून दाखवलं, तो आधी गप्प बसला आणि मग म्हणाला ते तुकड्याचं परत वाच. सुनेशी तोच बोलणार आहे, मी बोलले तर तिला अपमान वाटेल. काकूंशी मीच बोलणार, ते मी सोडणार नाही.

मुलीची लस या महिन्यातच घेते. सिस्टर, एक विचारायचं राहिलं, सून ३४ ची आहे, तिने आणि मी काय करायचं? मला ४१ चालू आहे, काही त्रास नाही. आणि मामींना पाळी गेल्यावर वर्षभर मधूनमधून लाल जात होतं, त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, हे आता कळलं.

सिस्टर_मंगल

दोघींनी तपासून घ्या, त्रास नसतानाच करायची असते. ३० च्या पुढच्या प्रत्येकीने. सरकारी दवाखान्यात व्हिनेगरची तपासणी फुकट असते, दर पाच वर्षांनी. पांढरा डाग उठला तर पुढे पाठवतात, डाग उठला म्हणजे कॅन्सर नव्हे, घाबरायचं नाही. एचपीव्ही टेस्ट जास्त चांगली, पण ती सगळीकडे नाही, लातूरला विचार, मेडिकल कॉलेजला कुठे होते ते सांगतील. पाळी चालू असताना जाऊ नका, नंतर आठवड्याने जा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. लस घेतलेल्या पोरींनीही मोठेपणी तपासणी करायचीच, सगळे प्रकार लसीत नाहीत.

आणि तुझ्या ओळखीतल्या सगळ्या बायांना सांग, पाळी गेल्यावर एक थेंब जरी लाल गेलं, संबंधानंतर रक्त गेलं, किंवा घाण वासाचं पाणी जात असलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या वर बायकांना हा होतो आणि ८० हजारांच्या आसपास जातात. मामींना माझा नमस्कार सांग, पाणी भरपूर प्यायला सांग आणि लाईटच्या जागी साबण, तेल, पावडर काही लावू नका म्हणावं, सेंटरवर विचारल्याशिवाय.